नकाशावर एकरी टनेज भलतंच दिसतंय? आधी भागाकारातला खालचा आकडा बघा

गेली काही वर्षं आमच्या भागातल्या ऊस उत्पादकांच्या एका गटासाठी मी क्यूजीआयएसवर नकाशे करतो. हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. काम सरळ आहे. प्रत्येक रानाची हद्द काढायची, तोडणीनंतर वजनकाट्याच्या पावत्या एक्सेलमध्ये भरायच्या, दोन्ही जोडून एकरी टनेजचा रंगीत नकाशा करायचा. हिरवं रान चांगलं, लाल रान बघायला लागणारं.

दर हंगामात फेब्रुवारी-मार्चला फोन सुरू होतात. "नकाशा चुकीचा दाखवतोय." फोन करणाऱ्याला वाटतं सॉफ्टवेअर बिघडलं, नाहीतर सॅटेलाइटची भानगड आहे. दहातल्या आठ वेळा वजन बरोबर असतं, ऊसही बरोबर असतो. चुकलेलं असतं ते क्षेत्र. टन भागिले एकर यातला एकर. त्यामुळे खालच्या पायऱ्यांत क्षेत्राचं पारडं जड आहे.

उदाहरणं उसाची आहेत. सोयाबीन, कापूस, द्राक्षालाही हेच लागू, फक्त टनाच्या जागी क्विंटल किंवा किलो धरा.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं नेमकं काय दिसतंय ते आधी ठरवा. "चुकतंय" एवढ्यावर काही शोधता येत नाही.

- रानं नकाशावर भलतीकडेच. समुद्रात, परराज्यात किंवा वीस-बावीस किलोमीटर सरकलेली.
- एकरी आकडा कोटीत, किंवा सगळीकडे शून्य.
- सगळ्या रानांचा आकडा एकाच पटीत वाढलेला. ४८ टनांचं रान ११८ दाखवतंय.
- बरीचशी रानं बरोबर, मधलीच चार-पाच दुप्पट-अडीचपट.
- काही रानं कोरी. हद्द आहे, टनेज नाही.
- काही रानांचं टनेज हास्यास्पद कमी, एकरी सात-आठ टन.
- आकडे पटण्यासारखे आहेत, पण शेतकरी म्हणतो, "माझं वरचं रान खालच्यापेक्षा चांगलं पिकलं," आणि नकाशा उलटं सांगतोय.

शेवटचं लक्षण सगळ्यात त्रासदायक. तिथे मी शेतकऱ्याचं आधी ऐकतो, नकाशाचं नंतर.

काहीही करण्याआधी मूळ एक्सेल आणि हद्दींची फाइल दोन्हींची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, तिला हात लावू नका. दुरुस्ती करता करता मूळच बिघडवणारे मी कितीतरी पाहिलेत. त्यांत मीही आहे.

१. एक रान कागदावर काढा

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. ज्याचं क्षेत्र आणि वजन तोंडपाठ आहे असं एक रान घ्या. समजा ३० गुंठे आणि ३६ टन. एकरात ४० गुंठे, म्हणजे ३० गुंठे पाऊण एकर. ३६ भागिले ०.७५, एकरी ४८ टन. आता नकाशावर त्याच रानावर क्लिक करा आणि तिथल्या आकड्याला ४८ ने भागा.

ही पट म्हणजे निम्मं निदान. पट २.४७ आली तर हेक्टर-एकराचा घोळ. १० आली तर कुणीतरी क्विंटल टन म्हणून भरलेत. १००० आली तर किलो. ४०४७ च्या आसपास आली तर चौरस मीटरचे एकर दोनदा झालेत. तीस लाखांच्या आसपास गेली तर क्षेत्र अंशांत मोजलं गेलंय. आणि प्रत्येक रानाची पट वेगळी येत असेल तर दोष सूत्रात नाही, माणसाने भरलेल्या आकड्यांत आहे. ही पायरी टाळून थेट सेटिंगमध्ये शिरलात तर दिवस जातो.

२. क्षेत्राचा रकाना: गुंठा, आर आणि दशांश चिन्ह

इथेच सगळ्यात जास्त चुका सापडतात, म्हणून जरा सावकाश.

आपण बोलताना "एक एकर वीस गुंठे" म्हणतो आणि लिहिताना १.२० लिहितो. एक्सेलला गुंठा कळत नाही. ते १.२० म्हणजे एक पूर्णांक दोन दशांश एकर समजतं. खरं क्षेत्र दीड एकर. आणखी वाईट म्हणजे एक्सेल शेवटचं शून्य खाऊन टाकतं आणि १.२ दाखवतं. मग महिन्याभराने ते एक एकर वीस गुंठे होते की एक एकर दोन गुंठे, हे लिहिणाऱ्यालाही आठवत नाही. वरचं ३० गुंठ्यांचं रान ०.३० असं भरलं तर एकरी १२० टन येतात. नकाशावर ते रान गडद हिरवं दिसतं, बैठकीत टाळ्या पडतात.

दुसरी गोम सातबाऱ्याची. सातबाऱ्यावरचं क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटर असं असतं. ०.४०.०० म्हणजे ४० आर, म्हणजेच ०.४० हेक्टर, म्हणजे एकराला जरासं कमी. ते ०.४० एकर म्हणून भरलं की पट बरोबर २.४७. आर आणि गुंठा जवळजवळ सारखेच, आर १०० चौरस मीटर आणि गुंठा १०१ च्या थोडा वर, त्यामुळे लोक एकाला दुसरं म्हणतात. चाळीस आर आणि चाळीस गुंठे म्हटलं तर काही बिघडत नाही. पण १०० आरांचा एक हेक्टर होतो आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. दशांश चिन्हाच्या पुढे गेलं की दोन्हींचा रस्ता वेगळा.

तिसरी, सातबाऱ्यातला पोटखराबा. विहीर, ओढा, पायवाट, घर यांचं क्षेत्र एकूण क्षेत्रात धरलेलं असतं, तिथे ऊस नसतो. एकूण क्षेत्राने भागलं की चांगलं रान उगाच नापास. शिवाय एका गटात चार भावांची नावं असतील तर एकाच्या उसाला चौघांच्या क्षेत्राने भागलेलंही मी पाहिलंय.

उपाय कंटाळवाणा आहे, पण एकच. एक्सेलमध्ये एकर आणि गुंठे असे दोन वेगळे रकाने करा, तिसऱ्यात सूत्र घाला: एकर अधिक गुंठे भागिले ४०. सातबाऱ्यावरून घेत असाल तर हेक्टर, आर असे वेगळे रकाने करा आणि शेवटी २.४७१ ने गुणा. क्षेत्र लागवडीखालचं घ्या, कागदावरचं नको.

३. कोरी रानं आणि सात टनांची रानं

दोन्ही दोष हद्द आणि वजन जोडताना होतात, कारणं वेगळी.

कोऱ्या रानांचा गट नंबर बघा. ५/२, ७/३ असे लहान नंबर असतील तर एक्सेलने त्यांची तारीख केलेली असणार. ५/२ ची ५ फेब्रुवारी होते, आणि रकान्याचा प्रकार बदलला की तिथे ४५३२७ सारखा आकडा उगवतो. १२५/२ ची तारीख होऊ शकत नाही, म्हणून तो शाबूत राहतो. "काहीच रानं का कोरी?" याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच. तारीख झाल्यावर रकाना टेक्स्ट करून मूळ नंबर परत येत नाही, तो पुन्हा टाइप करावा लागतो. म्हणून गट नंबरचा रकाना भरायला घेण्याआधीच टेक्स्ट करून ठेवा.

तारीख नसेल तर आकड्यांची लिपी बघा. एका फाइलमध्ये गट नंबर मराठी आकड्यांत आणि दुसऱ्यात इंग्रजी आकड्यांत असेल तर आपल्याला तो एकच वाटतो, संगणकाला दोन वेगळे शब्द वाटतात. नंबरामागे राहिलेली एक मोकळी जागाही जोडणी मोडते. मी हल्ली गट नंबरवर जोडतच नाही. प्रत्येक रानाला स्वतःचा साधा क्रमांक देतो, १०१, १०२ असा, आणि तोच दोन्हीकडे लिहितो. तसंही एका गटात तीन रानं असली की गट नंबर एकटा पुरत नाही.

आता सात टनांची रानं. क्यूजीआयएसमध्ये लेअरच्या गुणधर्मांतून केलेली जोडणी एका रानाला एक्सेलची एकच ओळ लावते. रानातून सहा खेपा गेल्या असतील आणि तुम्ही सहा पावत्या सहा ओळींत भरल्या असतील, तर नकाशावर एकाच खेपेचं वजन येतं. कसलीही सूचना येत नाही. आधी एक्सेलमध्ये पिव्होट टेबल करून रानवार बेरीज करा, मग ती बेरीज जोडा.

पडताळा सोपा आहे. जोडणीनंतर नकाशातल्या सगळ्या टनांची बेरीज आणि पावत्यांची बेरीज सारखी यायला हवी. नाही आली तर पुढे जाऊ नका.

४. रानं समुद्रात

आमच्याकडचे अक्षांश १७ च्या आसपास, रेखांश ७४. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) घेताना एक्सच्या जागी रेखांश आणि वायच्या जागी अक्षांश द्यायचा असतो. उलटं झालं की सांगली जिल्ह्यातल्या वाळव्याचं रान नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडजवळच्या थंड समुद्रात जाऊन पडतं. रकाना रिकामा राहिला आणि शून्य-शून्य धरलं गेलं तर आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात. नकाशा पूर्ण लहान करून ठिपके कुठे पडलेत ते पाहिलं की लगेच कळतं.

वीस-बावीस किलोमीटर सरकलं असेल तर अंश-मिनिटं आणि दशांश यांची गल्लत. १७ अंश ३० मिनिटं म्हणजे १७.५०. ते १७.३० लिहिलं की रान २२ किलोमीटर दक्षिणेला.

विदर्भातल्या मित्रांसाठी एक खास. मीटरमध्ये मोजणारी यूटीएम पद्धत वापरली तर पश्चिम महाराष्ट्र झोन ४३ मध्ये येतो आणि ७८ रेखांशाच्या पूर्वेचा भाग झोन ४४ मध्ये. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ४४ मध्ये. झोन ४४ च्या फाइलला ४३ सांगितलं तर रान सहा रेखांश पश्चिमेला सरकतं, म्हणजे नागपूरचं रान थेट गुजरातेत बारडोलीपाशी. यवतमाळ जिल्हा तर दोन्ही झोनमध्ये विभागलाय, तिथे दोनदा बघा.

हे दुरुस्त करताना नेहमी होणारी चूक सांगतो. "सेट लेअर सीआरएस" म्हणजे फाइलला तिच्या मोजमाप पद्धतीचं (सीआरएस) फक्त नाव सांगणं. त्याने आकडे बदलत नाहीत. मूळ नाव चुकलं असेल तेव्हाच ते वापरायचं. अंशांतली फाइल मीटरमध्ये हवी असेल तर ती एक्सपोर्ट करून नव्या पद्धतीत सेव्ह करावी लागते.

५. क्षेत्राचं सूत्र

आकडा कोटीत गेला असेल तर इथे या. क्यूजीआयएसमध्ये क्षेत्र काढायची दोन सूत्रं आहेत. डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारं एरिया हे सूत्र पृथ्वीचा गोलावा धरून मोजतं. जॉमेट्री (रानाचा काढलेला आकार) कंसात देऊन वापरायचं एरिया हे सूत्र सपाट कागदावर मोजल्यासारखं मोजतं, आणि फाइल अंशांत असेल तर उत्तरही चौरस अंशांत देतं. एक एकर म्हणजे सुमारे ०.००००००३४ चौरस अंश. त्याने ४८ टनांना भागा, एकरी चौदा कोटी.

डॉलरवालं सूत्र वापरा. पण ते प्रोजेक्टच्या गुणधर्मांत निवडलेल्या एककात उत्तर देतं. तिथे एकर निवडलं असेल आणि तुम्ही सूत्रात पुन्हा ४०४६.८६ ने भागत असाल, तर तीच ती ४०४७ ची पट.

एखाद्याच रानाचं क्षेत्र विचित्र येत असेल तर हद्दीची रेघ स्वतःलाच छेदून गेलीय का ते बघा. "चेक व्हॅलिडिटी" चालवलं की सापडतं.

६. पावत्या

इथपर्यंत सगळं ठीक असेल आणि तरी चार-पाच रानंच खटकत असतील, तर संगणक बंद करा आणि मोटारसायकल काढा.

तोडणीच्या गडबडीत दोन रानांचा ऊस एकाच ट्रॉलीत भरला जातो. संध्याकाळी खेप पुरी करायची म्हणून टोळी शेजारच्या रानातून पाच-पन्नास मोळ्या टाकते. नोंद भावाच्या नावावर, ऊस आपला. किंवा लावणीची आणि खोडव्याची (तोडलेल्या खोडातून पुन्हा फुटलेल्या उसाची) पावती एकाच नावावर आणि चिटबॉयने (कारखान्याचा तोडणीच्या नोंदी ठेवणारा माणूस) कोणती कुठली ते लिहिलेलंच नाही. नकाशावर मग एक रान ७० टन आणि त्याला लागून असलेलं १८ टन दिसतं. शेजारशेजारच्या दोन रानांची बेरीज पटते पण वाटणी पटत नाही, असं असेल तर हाच प्रकार समजा. मुकादमाला विचारा, त्याला बहुतेक वेळा आठवतं. नाहीच उलगडलं तर दोन्ही रानांची सरासरी एकत्र लावा आणि तसं टिपून ठेवा. अंदाजाने वाटणी करून नकाशा सुंदर करू नका.

पावतीवरचं निव्वळ वजन घ्या. आडसाली आणि सुरू एकाच रंगपट्टीत ठेवू नका. आडसाली दीड वर्ष रानात असतो, सुरू वर्षभर. लावण, खोडवा आणि निडवा (खोडव्यानंतर पुन्हा फुटलेला ऊस) यांचेही नकाशे वेगळे. सोयाबीन असेल तर ओलावा बघा. १८ टक्के ओलाव्याचं १०० किलो सोयाबीन १२ टक्क्यांवर आणलं की ९३ किलोच भरतं.

७. हद्द

मोबाइल हातात धरून बांधावरून चालत काढलेली हद्द मोठ्या रानाला चालते, लहान रानाला नाही. २० गुंठ्यांचं चौकोनी रान साधारण ४५ मीटर बाजूचं. मोबाइल चारी बाजूंनी तीन मीटर बाहेर गेला तर बाजू ५१ मीटर होते आणि क्षेत्र २८ टक्क्यांनी वाढतं. ४८ टनांचं रान ३७ वर येतं, पीक तेवढंच असून. झाडाखाली, विहिरीच्या काठावर मोबाइल जास्त भरकटतो.

त्यापेक्षा उपग्रहचित्र मागे ठेवून घरी बसून माउसने हद्द काढा आणि शेतकऱ्याला शेजारी बसवा. बांध तोच अचूक दाखवतो. मग टेपने एक बाजू मोजून ताडा. गावनकाशा स्कॅन करून त्यावरून हद्दी उचलायचा मोह टाळा. तो सगळा मिळून एकीकडे सरकलेला असला तरी आकार बरोबर वाटतात, त्यामुळे चूक लक्षात येत नाही.

८. सगळ्यात शेवटी सॅटेलाइट

लोक इथून सुरुवात करतात. सेंटिनेल-२ या युरोपच्या उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका १० मीटर बाय १० मीटर. एका एकरात असे चाळीसच ठिपके बसतात, आणि कडेचे अर्धे बांधाचे, पाटाचे, शेजाऱ्याचे असतात. हद्द आतल्या बाजूला १० मीटर घेतली की एकरात १९ ठिपके उरतात. तेवढेच विश्वासाचे. दहा गुंठ्यांच्या रानात सॅटेलाइटने हिरवेपणा मोजायच्या भानगडीत पडू नका.

ऊस एकदा दाटला की एनडीव्हीआय, म्हणजे सॅटेलाइटने मोजलेल्या हिरवेपणाचा आकडा, वर जाऊन टेकतो. त्यानंतर ४० टनांचं आणि ६० टनांचं रान सारखंच हिरवं दिसतं. हा बिघाड नव्हे, या मोजमापाची मर्यादा आहे. वर्षावर्षांची तुलना करताना आणखी एक खड्डा आहे. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या मूळ आकड्यांत १००० मिळवून दिले जातात. ते वजा न करता एनडीव्हीआय काढला तर त्या तारखेनंतरचं प्रत्येक रान आधीपेक्षा फिकं दिसतं, आणि लोक दोष पावसाला देतात.

कुठे थांबायचं

हद्दीवरून शेजाऱ्याशी बोलाचाली सुरू झाली तर लगेच लॅपटॉप मिटा. आपण काढलेली रेघ पुरावा नाही. तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे मोजणीचा अर्ज करा. भूकरमापकाने दिलेली हद्दच खरी. नकाशा मोबाइलवर फिरवून मी एकदा दोन घरांत अबोला आणलाय, म्हणून सांगतो.

काट्याच्या वजनाचीच शंका असेल तर ती नकाशावरून सिद्ध होत नाही. काटे तपासायचं काम वैधमापनशास्त्र विभागाचं, तक्रार तिथे.

शेकडो रानं, जुने गावनकाशे बसवणं, वेगवेगळ्या झोनच्या फाइली एकत्र करणं असं काम आलं तर पैसे देऊन जीआयएसवाल्याकडून करून घ्या. जाताना त्याच्यासाठी हात न लावलेली मूळ फाइल, कागदावर काढलेलं ते एक रान आणि आलेली पट एवढं न्या. त्याचा निम्मा वेळ वाचतो, तुमचे पैसेही.

आणि वरच्या सगळ्या पायऱ्यांनंतरही एकाच रानातला तोच कोपरा तीन-तीन हंगाम लालच राहत असेल, तर नकाशा बरोबर आहे. आता सेटिंग बदलत बसू नका. कृष्णाकाठच्या खोलगट रानांत हा कोपरा बहुतेक वेळा क्षारपड निघतो. तिथली आणि चांगल्या भागातली माती वेगवेगळ्या पिशव्यांत घेऊन कृषी विज्ञान केंद्रात नाहीतर माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या, सामू (पीएच) आणि क्षारता तपासून घ्या. निचऱ्याचे पाईप टाकायचे की नाही हे त्या अहवालानंतर, जाणकाराला रान दाखवून ठरवा. पिशव्यांवर रानाचा तोच क्रमांक लिहा, १०१, १०२. अहवाल आला की थेट नकाशाला जोडता येतो.